पितळखोऱ्याचा राजवैद्य : खानदेशातील प्राचीन वणिक्पथ आणि आपली औषधी द्रव्ये

द्रव्याचा विचार करताना आपण त्याचे रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव पाहतो. ग्राह्याग्राह्यतेचा निर्णय घेताना स्वरूप, वर्ण, गंध व चव यांची परीक्षा करतो. परंतु हे द्रव्य कोठे उपजले, कोणत्या वाटेने आले आणि किती हातांतून आपल्या औषधालयातील बरणीपर्यंत पोहोचले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. प्राचीन वैद्याला मात्र तो टाळता येण्यासारखा नव्हता. त्याच्या औषधसंग्रहातील निम्मीअधिक महत्त्वाची द्रव्ये त्याच्या गावात उगवत नव्हती. ती बैलगाडीतून, बैलांच्या पाठीवरून आणि नावेतून येत असत.

आयुर्वेद म्हणजे आपल्या परसातील व रानातील वनस्पतींचे शास्त्र, असे सामान्यतः मानले जाते. हे अर्धसत्य आहे. संहितांतील द्रव्यसंग्रह जसा रानावनांनी घडविला, तसाच तो व्यापारी वाटांनीही घडविला आहे. यातील दोन प्रमुख वाटा आपल्या खानदेशात एकमेकींना छेदत होत्या आणि त्यांच्याच कडेला, आपल्या सीमेवरील एका डोंगरात, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका राजवैद्याचे नाव आजही कोरलेले आहे. प्रस्तुत लेखात या वाटा, त्यांवरून जाणारी औषधी द्रव्ये आणि त्यांपासून आजच्या वैद्याने घ्यावयाचा बोध यांचा विचार आम्ही करणार आहोत.

खानदेश : दोन वाटांचा छेद

खानदेशच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेस सह्याद्री आहे. यांच्यामध्ये तापी व तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, वाघूर इत्यादी नद्यांचा सुपीक पट्टा आहे. दक्षिणेकडील पठारावरून उत्तरेस माळव्यात जावयाचे असो अथवा पश्चिमेस भडोचच्या बंदराकडे जावयाचे असो, हा पट्टा ओलांडणे सोयीचे पडते. आजही सुरतेकडून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग आणि इंदूरकडून कन्नडच्या घाटाने दक्षिणेकडे जाणारा महामार्ग धुळ्यास एकमेकांना छेदतात. रस्त्याचे क्रमांक बदलले, बैलांच्या जागी मालमोटारी आल्या, परंतु डोंगरांतील खिंडी आणि नद्यांचे उतार यांनी आखून दिलेली दिशा तीच राहिली.

उत्तर-दक्षिण वाटेची जुनी साक्ष पाली साहित्यातील सुत्तनिपातात मिळते. गोदातीरी राहणाऱ्या बावरी नामक आचार्याचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात. त्यांच्या वाटेवरील स्थाने तेथे क्रमाने दिलेली आहेत : प्रतिष्ठान म्हणजे पैठण, पुढे माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती. माहिष्मती म्हणजे नर्मदातीरीचे महेश्वर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पैठणहून महेश्वरास जाणाऱ्या पांथस्थाला सातमाळा उतरून, तापी ओलांडून सातपुडा चढावा लागतो. म्हणजेच या दोन नावांमधील अंतर हाच आपला खानदेश होय.

पूर्व-पश्चिम वाटेची साक्ष एका परकीयाने दिली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नौकानयनविषयक ग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भृगुकच्छ अथवा भडोच या बंदराचे विस्तृत वर्णन आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे अंतर तेथे दिले आहे. पैठणहून गोमेद-अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे व तलम कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून भडोचला आणले जाई, असेही तो लेखक सांगतो. मालाने भरलेल्या बैलगाडीचा दिवसाचा पल्ला सात-आठ कोसांचा धरला, तर वीस दिवसांचा हा हिशेब पैठण-भडोच अंतराशी चांगला जुळतो.

या दळणवळणाचा पुरावा भूगर्भातही मिळाला आहे. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी असलेले बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे या दोन्ही ठिकाणी १९५० च्या दशकात उत्खनने झाली. प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेशात होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण युगापासूनच्या वसाहतींचे थर सापडले आणि वरच्या थरांत गंगेच्या खोऱ्याशी निगडित अशी काळी चकचकीत मृद्भांडीही मिळाली. गंगेकाठचे भांडे गिरणेकाठी येते, तेव्हा त्याच्यासोबत मगधातील पिंपळी येणेही स्वाभाविकच होय.

नद्या ओलांडण्याची सोय ही अशा वाटांची मोठी गरज असे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचा आणि तापीसह सहा नद्यांवर विनामूल्य नावांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. वाट म्हणजे केवळ पायवाट नव्हे. उतारू नाव, विहीर, सावली आणि रात्रीचा आसरा एवढे सर्व मिळून ती वाट होते. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात रस्त्यांवर विहिरी व वृक्ष यांची सोय आणि मनुष्य व पशू यांच्या चिकित्सेची सोय एकत्रच सांगितली आहे. ज्या औषधी जेथे नाहीत, तेथे त्या बाहेरून आणवून लावल्याचेही त्यात नमूद आहे. औषधींचे स्थलांतर हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानल्याचा हा आपल्या देशातील फार जुना लिखित दाखला आहे.

भडोचच्या बंदरावरील औषधी

पेरिप्लसच्या लेखकाने भडोचहून निर्यात होणाऱ्या मालाची यादी दिली आहे. ती वाचताना एखाद्या वैद्याच्या औषधसंग्रहाची सूची वाचल्यासारखे वाटते. त्यात जटामांसी आहे, कुष्ठ आहे, गुग्गुळ आहे, दारुहरिद्रेपासून होणारे रसांजन आहे आणि पिप्पली आहे. हस्तिदंत, अकीक व सुती-रेशमी वस्त्रे यांच्या बरोबरीने ही द्रव्ये परदेशी जहाजांत चढत होती. जटामांसी हिमालयाच्या व काबूलच्या बाजूने उज्जयिनीमार्गे भडोचला येई. कुष्ठ व गुग्गुळ यांचा उल्लेखही लेखकाने त्याच ओघात केला आहे.

या द्रव्यांचे मोल किती होते? रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातील दर नोंदविले आहेत. काळे मिरे पौंडास ४ दिनार, तर पिप्पली १५ दिनार. आपल्या त्रिकटूतील दोन द्रव्यांच्या किमतीत जवळजवळ चौपट अंतर होते. रसांजन भारतातून उंटाच्या व गेंड्याच्या कातड्याच्या पिशव्यांतून येते, अशीही नोंद त्याने केली आहे.

आयातीची यादीही वैद्याने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, शिलारस, मनःशिला व अंजन ही द्रव्ये भडोचला उतरत होती. यांपैकी तांबे, कथील, शिसे व पोवळे यांचे पुढे रसशास्त्रात केवढे महत्त्व झाले, हे वैद्यांना वेगळे सांगावयास नको. अंजन आपण नेत्ररोगांत वापरतो, तर शिलारस धूपन व लेपांत येतो. म्हणजे देवाणघेवाण दुतर्फी होती. आपण पिप्पली देत होतो आणि प्रवाळ घेत होतो. दोन्ही वस्तू शेवटी कोणत्या ना कोणत्या रुग्णाच्या उपयोगी पडत होत्या.

मगिल राजवैद्य

कन्नड तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातमाळ्याच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. कड्याखाली चाळीसगाव तालुका सुरू होतो. खानदेशातून पठारावर चढणाऱ्या वाटेच्या अगदी माथ्याजवळ ही लेणी खोदली गेली. एकूण १४ लेण्यांपैकी सर्वांत जुनी लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत.

येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत आहेत. त्यांपैकी एक दाता पैठणचा, गांधिक कुळातील मितदेव हा आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. जटामांसी, कुष्ठ, तगर, चंदन, अगरु, शिलारस ही द्रव्ये गांधिकाच्याच दुकानात मिळत. आपल्या औषधी द्रव्यांच्या विक्रेत्याला गुजराती भाषेत पुढे जे 'गांधी' हे नाव पडले, त्याचे मूळ हेच होय.

शेजारच्या विहारातील लेख आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. त्यांत वच्छीचा पुत्र मगिल नावाच्या राजवैद्याचे दान नोंदलेले आहे. मूळ प्राकृतात 'राजवेज' असा शब्द आहे. त्याच्या कन्येचे, दत्तेचे, आणि पुत्राचे, दत्तकाचे दानही स्वतंत्रपणे कोरलेले आहे. तीन लेख, एकच वैद्यकुटुंब. पुत्राबरोबर कन्येचेही दान तिच्या नावाने कोरले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात वैद्याचा नामनिर्देश करणाऱ्या अतिप्राचीन कोरीव लेखांत यांची गणना करावी लागेल. येथील प्रसिद्ध यक्षमूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असेही तिच्या हातावरील लेख सांगतो. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, राजवैद्य आणि सोनार हे तिघे एकाच लेण्यात भेटतात, ते या वाटेमुळेच.

पूर्वेस अजिंठ्याच्या लेण्यांतही हीच रीत दिसते. तेथील बाराव्या लेण्यात घनामदद नावाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. अजिंठ्याचा घाटही जळगावकडून पठारावर चढणाऱ्या वाटेवरच आहे. घाट, लेणे आणि व्यापारी यांची ही सांगड पश्चिम भारतात ठिकठिकाणी आढळते.

पितळखोऱ्याखालील पाटण गावाचाही येथे उल्लेख करणे उचित ठरेल. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. हा लेख उजेडात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) हे मुंबईचे नामांकित चिकित्सक होते. वाटेवरची विद्या जपण्याचे काम या भागात वैद्यांनी दोन वेळा केले, असे म्हणता येईल.

विहार आणि भेषज

राजवैद्याने विहाराला दान का द्यावे? धर्मश्रद्धा हे कारण आहेच. परंतु वैद्यकाचा आणि विहाराचा संबंध त्याहून जवळचा होता. विनयपिटकात भेषजांचा स्वतंत्र विभाग आहे. भिक्षूंनी जवळ ठेवावयाच्या पाच भेषजांत तूप, लोणी, तेल, मध व काकवी यांचा समावेश आहे. मूळांत हळद, सुंठ, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा व नागरमोथा, फळांत वावडिंग, पिप्पली, मिरे, हिरडा, बेहडा व आवळा, निर्यासांत हिंग, आणि लवणांत सामुद्र व सैंधव आदी अनुमत आहेत.

ही यादी नकाशासमोर ठेवून वाचावी. हिंग अफगाणिस्तानच्या बाजूचा, सैंधव सिंधू प्रदेशातील, मिरे केरळचे, अतिविष व कुटकी हिमालयातील, तर हिरडा, बेहडा, आवळा सातपुड्यातील. एका भिक्षूच्या झोळीत पाच दिशा एकत्र येतात. वर्षावासात तीन महिने एका जागी राहणाऱ्या संघासाठी हा साठा आधीच करून ठेवावा लागे. तो करण्यास व्यापारी आणि वैद्य या दोघांचीही गरज होती. जीवकाची कथाही असेच सांगते. राजगृहाहून तक्षशिलेस जाऊन सात वर्षे अध्ययन करणारा आणि पुढे उज्जयिनीच्या प्रद्योत राजाच्या चिकित्सेसाठी जाणारा हा वैद्य आयुष्यभर वणिक्पथांवरूनच चालत होता. तक्षशिलेहून परतताना साकेतात वाटखर्ची संपली, तेव्हा त्याने पहिली चिकित्सा केली ती एका श्रेष्ठीच्या पत्नीची.

पर्यायनामे : वाटेच्या खुणा

निघंटूंतील पर्यायनामे आपण पाठ करतो, परंतु त्यांतील भूगोल आपल्या नजरेतून निसटतो. पिप्पलीस मागधी व वैदेही म्हणतात. दोन्ही नावे बिहारातील प्रदेशांवरून आली. हिंगास बाह्लीक म्हणतात, कारण तो बल्खच्या बाजूने येई. केशरास काश्मीर व बाह्लीक अशी दोन्ही नावे आहेत. इंद्रयवास कलिंग, चंदनास मलयज, तुरटीस सौराष्ट्री, मिठाच्या उत्तम प्रकारास सैंधव. मनःशिलेस नेपाली हे नाव आहे, पण तीच मनःशिला भडोचला समुद्रमार्गेही येत होती. एका द्रव्याला दोन वाटा असू शकतात, हे यावरून कळते.

सर्वांत बोलके उदाहरण शिलारसाचे आहे. अमरकोशात त्यास तुरुष्क व यावन अशी नावे दिली आहेत. यवन म्हणजे ग्रीक व पश्चिमेकडील लोक. पेरिप्लसच्या आयातीच्या यादीत जे द्रव्य पश्चिमेकडून भडोचला उतरते, त्याचेच आपल्या कोशातील नाव 'यवनांचे' असे आहे. परकीय खलाशाची नोंद आणि आपला कोशकार यांची साक्ष येथे परस्परांशी तंतोतंत जुळते.

ही नावे कवींनी केवळ शोभेसाठी रचलेली नाहीत. व्यापाऱ्याने माल कोठला हे सांगितले, वैद्याने ते लक्षात ठेवले आणि ते नावातच मुरले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पर्यायनाम हे द्रव्याच्या उगमाचे प्रमाणपत्र होते.

जवळचे द्रव्य, दूरचे द्रव्य

शार्ङ्गधरादी ग्रंथकारांनी द्रव्यांच्या नवे-जुनेपणाविषयी जे नियम दिले आहेत, त्यांचा विचारही या अंगाने करता येतो. सर्व द्रव्ये नवीन घ्यावीत, मात्र वावडिंग, पिप्पली, गूळ, धान्य, तूप व मध ही जुनी घ्यावीत, असा एक नियम आहे. गुडूची, वासा, कुटज, शतावरी, अश्वगंधा इत्यादी नेहमी ओलीच वापरावीत, असा दुसरा नियम आहे.

या नियमांमागील मुख्य कारण गुणोत्कर्षाचे आहे, यात शंका नाही. परंतु दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ओली वापरावयाची द्रव्ये बहुधा वैद्याच्या पायाखालच्या भूमीत मिळणारी आहेत. सातपुडा व सातमाळ्याच्या पायथ्याशी गुळवेल, कुडा व शतावरी आजही मिळतात. याउलट पिप्पली व वावडिंग ही लांबच्या प्रवासात न बिघडणारी, साठविता येणारी द्रव्ये आहेत. आपल्या शास्त्राने जवळच्या व दूरच्या द्रव्यांसाठी वेगवेगळी शिस्त ठेवली होती, असे आम्हास वाटते.

दूरची वाट बंद पडली तर काय? त्याचे उत्तर भावप्रकाशातील प्रतिनिधिद्रव्यांच्या प्रकरणात आहे. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ झाला आहे, असे भावमिश्र स्पष्ट सांगतात आणि मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलींऐवजी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धींऐवजी वाराही घेण्यास सांगतात. हिमालयातील कंदांच्या जागी सपाट प्रदेशातील मुळे आली. पुष्करमुळाच्या अभावी कुष्ठ घ्यावे, हा निर्देशही तेथेच आहे. ही तडजोड उघडपणे, गुणसाम्य पाहून आणि नाव घेऊन केलेली आहे. न सांगता केलेली बदली आणि शास्त्राने सांगितलेले प्रतिनिधिद्रव्य यांत हाच भेद आहे.

अध्वगाची चिकित्सा

वाट जशी द्रव्ये आणते, तसे व्याधीही आणते. सुश्रुताने चंक्रमण व अध्वा यांत भेद केला आहे. शरीरास पीडा न देणारे फिरणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते. तर दीर्घ वाटचाल वर्ण, कफ, स्थौल्य व सौकुमार्य यांचा नाश करते. शोषाच्या प्रकारांत अध्वशोष स्वतंत्र सांगितला आहे. गात्रे शिथिल होणे, त्वचा भाजल्यासारखी रूक्ष होणे, अवयव बधिर होणे, कंठ व मुख कोरडे पडणे ही त्याची लक्षणे होत. वैशाखात खानदेशातून गाड्या हाकणाऱ्या माणसाचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा होता. गढूळ पाणी निवळण्यासाठी कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेदमणी, कमळकंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती व मणी अशी सात साधने सुश्रुताने दिली आहेत. सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याने शत्रूने दूषित केलेले मार्ग, पाणी, चारा व सरपण कसे ओळखावे, याचेही विवेचन युक्तसेनीय अध्यायात आहे. पादत्राण, छत्र व दंड यांचे धारण चरकाने दिनचर्येत सांगितले आहे. घरात बसणाऱ्यापेक्षा चालणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग अधिक.

आजचा अध्वग वेगळा आहे. धुळ्याच्या चौफुलीवरून रात्रंदिवस जाणारा मालमोटारचालक चालत नाही, बसून असतो. जागरण, वेगधारण, विषमाशन व आस्यासुख असे त्याचे हेतू आहेत. प्राचीन अध्वगाला शोष होई; याला स्थौल्य, अर्श, कटिशूल व अम्लपित्त होते. वाट तीच असली तरी संप्राप्ती पालटली आहे. महामार्गावरील गावांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

सात्म्याचा नकाशा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात देशानुसार सात्म्य सांगितले आहे. बाह्लीक, पह्लव, चीन, यवन व शक हे मांस, गहू व मद्य यांस सरावलेले, प्राच्य मत्स्यास, सैंधव दुधास, मलयवासी कंदमुळांस. याच ओघात अश्मक व अवंती या दोन देशांची जोडी येते. त्यांस तेल व अम्ल सात्म्य आहे, असे म्हटले आहे.

अश्मक हा गोदावरीकाठचा प्रदेश आणि अवंती म्हणजे उज्जयिनीचा. बावरीच्या शिष्यांची वाट याच दोन प्रदेशांना जोडते आणि खानदेश त्यांच्या मधोमध येतो. तिळाच्या व करडईच्या तेलाचा सढळ वापर आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या होत आला. भुईमूग व मिरची पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अमेरिकेतून आली आणि या स्वयंपाकात सहज सामावली. रुग्णास तेल सरसकट वर्ज्य करण्यापूर्वी हे देशसात्म्य लक्षात घ्यावे. तसेच मूळ सात्म्य तिळतेलाचे आहे, आजच्या तळणाच्या तेलाचे नव्हे, हेही रुग्णास समजावून द्यावे. वायव्येकडील बाह्लीक देशाचा वैद्य कांकायन चरकाच्या परिषदेत बसून रसांविषयी मत मांडतो. अशा परिषदांतूनच देशोदेशींच्या आहाराची ही माहिती शास्त्रात आली असावी.

ज्ञानही याच वाटांनी बाहेर गेले. मध्य आशियातील कुचा येथे १८९० साली बॉवर या अधिकाऱ्यास भूर्जपत्रावरील संस्कृत पोथ्या मिळाल्या. त्यांत लसूणकल्प, नावनीतक हा योगसंग्रह आणि सर्पदंशावरील महामायूरी विद्येचा भाग आहे. महामायूरीच्या यक्षसूचीत 'पीतंगल्य' असे स्थान येते आणि ते पितळखोरे असावे, असे म. न. देशपांडे यांनी सुचविले आहे. आपल्या डोंगरातील स्थानाचे नाव घेणारी विद्या पामीरपलीकडच्या वाळवंटापर्यंत पोहोचली होती.

आज आपण काय करावे ?

या इतिहासाचा अभिमान बाळगून थांबणे पुरेसे नाही. भडोचच्या बंदरावरील त्या पाच द्रव्यांची आजची स्थिती पाहावी. कुष्ठ हे संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारासंबंधीच्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहे. गुग्गुळाची वेल नव्हे, झुडूप. त्यास अघोरी चिरा देऊन निर्यास काढल्याने ते मरते आणि आययूसीएनच्या सूचीत ते अतिसंकटग्रस्त गणले गेले आहे. दोन हजार वर्षे ज्या द्रव्यांनी वाटा जिवंत ठेवल्या, ती द्रव्येच आता वाटेवरून नाहीशी होण्याच्या बेतात आहेत. वाट तुटून द्रव्य न मिळणे हे जुने संकट होते. द्रव्यच संपून वाट रिकामी राहणे हे नवे संकट आहे आणि त्याची जबाबदारी काही अंशी आपल्या लेखणीवर, म्हणजे आपल्या औषधपत्रावर आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक वैद्याने द्रव्य विकत घेताना ते कोठून आले, कोणत्या ऋतूत काढले व किती काळ साठविले, हे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारावेत आणि उत्तरे वहीत नोंदवावीत. उत्तर न मिळणे हीही नोंदच होय. काही महिन्यांत कोणाचा माल विश्वासार्ह आहे, हे आपोआप स्पष्ट होते. दुसरी, जेथे जवळच्या द्रव्याने कार्य साधते, तेथे दूरचे व दुर्मीळ द्रव्य योजू नये. आणि प्रतिनिधिद्रव्य योजल्यास तसे स्पष्ट लिहावे. तिसरी, सातपुडा व सातमाळ्यातील औषधींची गावनिहाय नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार येथील वैद्यांनी मिळून करावी. गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना औषधी नावारूपाने ठाऊक असतात, असे चरकानेच म्हटले आहे. भिल्ल व पावरा समाजांतील जाणत्यांचे साहाय्य त्यासाठी आदरपूर्वक घ्यावे आणि त्यांचे श्रेय नोंदवहीत त्यांच्याच नावे लिहावे.

पितळखोऱ्याचा खडक ठिसूळ आहे. दर्शनी भाग बराचसा ढासळलेला आहे आणि दरवर्षीचा पाऊस आपले काम करीत असतो. चाळीसगावहून एका दिवसात जाऊन येता येईल असे हे स्थान आहे. वैद्यांनी विद्यार्थ्यांसह तेथे जावे, मगिलाचा व त्याच्या मुलांचा लेख पाहावा आणि खाली गिरणेच्या खोऱ्याकडे दृष्टी टाकावी. त्या खोऱ्यातून जे येत होते, त्यावरच त्या राजवैद्याची चिकित्सा चालत होती. आपली चिकित्सा आज कशावर चालते, हे आपणास तितक्याच नेमकेपणाने सांगता आले पाहिजे.